ज्यू समाजासाठी काम करायचंय: न्यू यॉर्क, अ‍ॅन आर्बर की देवनार?

ठाण्या-मुंबईतल्या बेने इस्राएल (कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू) कुटुंबातल्या एखाद्या पदवीधराला आपल्याच समाजाचं काम पेशा म्हणून करायचं असेल, तर अमेरिकेत त्याचं रीतसर शिक्षण मिळतं. तिथे या शिक्षणाच्या दोन वाटा आहेत. हिब्रू युनियन कॉलेजने १९६८ मध्ये लॉस एंजेलिसला आणि ब्रँडाइस विद्यापीठाने १९६९ मध्ये बॉस्टनजवळ अभ्यासक्रम काढले. पुढे त्यांचा भर निधी उभारणं, विश्वस्त मंडळ सांभाळणं, म्हणजे एकूण संस्था चालवणं यावर आला. दुसरी वाट समाजकार्याची, म्हणजे एमएसडब्ल्यू (मास्टर ऑफ सोशल वर्क) या पदव्युत्तर पदवीची.

मी एमएसडब्ल्यूच्या बाजूने आहे. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन बसलेल्या माणसाने संस्थेचं धोरण ठरवावं, असं मला मनापासून वाटतं. व्यवस्थापन पुढेही शिकता येतं. शिवाय अमेरिकेत मान्यताप्राप्त एमएसडब्ल्यूला किमान ९०० तास फिल्डवर्क असतंच, आणि ही पदवी ज्यू संस्थांबाहेरही चालते.

आता न्यू यॉर्क की अ‍ॅन आर्बर? येशिव्हा विद्यापीठाचं वुर्झवायलर स्कूल १९५७ पासून मॅनहॅटनमध्ये आहे. विद्यापीठ ऑर्थोडॉक्स, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या ज्यू परंपरेचं असल्याने शनिवारी आणि सणांना वर्ग नसतात. शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस पाळणाऱ्याला सवलत मागत फिरावं लागत नाही, ही मोठी सोय. विद्यार्थी मात्र सगळ्या धर्मांचे. अ‍ॅन आर्बरचं मिशिगन विद्यापीठ सरकारी. तिथे मोठ्या समाजकार्य विभागात ज्यू नेतृत्वाचा छोटा गट असतो आणि जोडीला ज्यू अध्ययनाचे वर्ग. वेगवेगळ्या पंथांच्या ज्यूंबरोबर वाद घालत शिकायचं असेल, तर हा गट जास्त मोकळा.

पण आपल्याकडून जाणाऱ्याने परवान्याचा हिशेब आधी करावा. न्यू यॉर्कमध्ये पदवीनंतर परीक्षा दिली की एलएमएसडब्ल्यू, म्हणजे एमएसडब्ल्यू झालेल्याला समाजकार्य करण्याचा सरकारी परवाना मिळतो. त्याच नावाच्या परवान्यासाठी मिशिगनमध्ये पदवीनंतर देखरेखीखाली ४,००० तास काम लागतं, तेही किमान दोन वर्षांत. समाजकार्य स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) विषयांत मोडत नाही, म्हणून विद्यार्थी व्हिसावर पदवीनंतर कामाला साधारण एकच वर्ष मिळतं. म्हणजे मिशिगनमध्ये पूर्ण परवाना हाती येण्याआधीच मुदत संपते. केवळ याच कारणासाठी मी परदेशी विद्यार्थ्याला न्यू यॉर्क सुचवेन. पूर्ण ऑनलाइन अभ्यासक्रमावर विद्यार्थी व्हिसा मिळत नाही, हेही ध्यानात असू द्या.

आणि परत येऊन इथेच काम करायचं ठरलेलं असेल तर? भारतात सामाजिक कार्यकर्त्याला सरसकट परवाना लागत नाही, तेव्हा वरच्या हिशेबातला अर्धा भाग गळून पडतो. मग देवनारची टिस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था), १९३६ पासून चालत आलेली, कितीतरी कमी खर्चात तुम्हाला याच शहराच्या वस्त्या, रुग्णालयं आणि सरकारी योजना शिकवते. ज्यू विषय तिथे नाही. तो मुंबईतल्या एव्हलिन पीटर्स ज्यू केंद्रात काम करून भरून काढता येईल. उलट अमेरिकेत शिकवला जाणारा ज्यू इतिहास बराचसा युरोपातून आलेल्यांचा असतो. बेने इस्राएलांचे पूर्वज जिथे उतरले असं मानतात ते नवगाव, अलिबाग, त्यांचा मलिदाचा विधी हे सगळं तुम्हालाच सोबत न्यावं लागेल.

भारतात ज्यू आता जेमतेम काही हजार उरलेत, त्यांत म्हातारे बरेच. त्यांच्याशी मराठीत बोलू शकणारा प्रशिक्षित माणूस तिकडच्या कुठल्याच वर्गातून तयार होऊन येणार नाही. इथे राहायची तयारी असेल, तर देवनारच निवडा.