डिझेल वॅगन विकायचीय: एक्स्चेंज, व्यापारी की थेट गिऱ्हाईक?

घरातली डिझेल स्टेशन वॅगन (छत मागेपर्यंत लांबवलेली, मोठ्या डिकीची कार) विकायला काढली की सल्ले दोनच मिळतात. "आता डिझेल कोण घेतंय? नवी घेताना देऊन टाक शोरूमला", हा एक. "शोरूमवाले कापतात, स्वतः वीक", हा दुसरा. मी आजवर दोन वॅगन विकल्या आणि दोन्ही सल्ले एकेकदा ऐकले. पहिली एक्स्चेंजमध्ये दिली, दुसरीसाठी स्वतः गिऱ्हाईक शोधलं. पहिल्या वेळी पैसे कमी आले, दुसऱ्या वेळी पाच आठवडे गेले, तरी दोन्हीपैकी एकही सौदा चुकला असं मला वाटत नाही. पहिलीचा इंजिनचा पिवळा दिवा अधूनमधून लागायचा आणि सर्व्हिसची निम्मी बिलं गहाळ होती. दुसरीची एकूण एक पावती फाइलमध्ये लावलेली होती. कुठे विकायची हे माझ्या मते इथेच ठरतं: गाडी ठणठणीत आहे हे तुम्हाला परक्या माणसाला कागदावर दाखवता येतंय का?

डिझेलचा फटका नेमका कुठे

पश्चिम युरोपात 2015 पर्यंतची काही वर्षं नव्या कारपैकी निम्म्याहून जास्त डिझेलच्या होत्या. त्या सप्टेंबरात फोक्सवॅगनचं प्रकरण फुटलं, जगभरातल्या सुमारे 1 कोटी 10 लाख गाड्यांमध्ये चाचणी ओळखून धूर आवरणारं सॉफ्टवेअर निघालं आणि डिझेलची पत घसरली ती घसरलीच. 2018 मध्ये हॅम्बुर्गने दोन रस्त्यांच्या काही भागांवर जुन्या डिझेलला बंदी केली. लंडनमध्ये एप्रिल 2019 पासून मध्यभागात येणाऱ्या, युरो 6 (युरोपातली धुराच्या मर्यादेची श्रेणी, आकडा मोठा तेवढी मर्यादा कडक) च्या खालच्या डिझेल गाडीला दिवसागणिक शुल्क बसलं आणि ऑगस्ट 2023 मध्ये ते सगळ्या लंडनला लागू झालं.

म्हणून जिथे युरो श्रेणी चालते तिथे आधी तुमची गाडी युरो 5 की 6 ते बघा. नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा युरो 5 ला किलोमीटरमागे 180 मिलिग्रॅम आहे, युरो 6 ला 80. गाडी 2014-15 ची असेल तर नुसत्या वर्षावर जाऊ नका. नव्याने बाजारात येणाऱ्या मॉडेलना युरो 6 सप्टेंबर 2014 पासून सक्तीचं झालं, आधीपासून विकली जाणारी मॉडेल आणखी वर्षभर युरो 5 वर चालली. एकाच महिन्यात नोंदलेल्या दोन गाड्यांची श्रेणी वेगळी असू शकते आणि भावातला फरक मोठा पडतो. जाहिरातीत श्रेणी लिहिली नाही, तर येणारा पहिला फोन तेच विचारायला असतो.

युरो 5 असेल तर गिऱ्हाईक अशी बंदी किंवा शुल्क असलेल्या शहराबाहेरचं. व्यापारीही तुमची गाडी तिकडेच पाठवणार असतो, फक्त मधला पैसा त्याच्याकडे राहतो.

व्यापारी इतका कमी का सांगतो

दर वेळी लबाडीच असते असं नाही. गाडी पुढे कितीला जाईल हे धरून त्यातून तो दुरुस्ती, पॉलिश, गाडी उभी राहण्याचे दिवस आणि आपला नफा वजा करतो. त्याशिवाय गाडी विकल्यानंतरची भीती असते. युरोपीय संघात ग्राहकाला जुनी गाडी विकणाऱ्या व्यापाऱ्यावर निदान 1 वर्षाची कायदेशीर जबाबदारी येते. मोठ्या किलोमीटरच्या डिझेलमध्ये इंजेक्टर, टर्बो, डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर), ईजीआर (थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारी झडप) आणि ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिनचे धक्के शोषणारं जड चाक), यातलं एक जरी गेलं तरी त्याचा नफा संपतो. त्यामुळे तो यातलं काहीतरी जाणारच असं धरून भाव सांगतो. तुमच्या गाडीचा फ्लायव्हील गेल्या वर्षीच बदललेला असला तरी त्याच्या यंत्रात फक्त वर्ष, किलोमीटर आणि इंधन भरलेलं असतं. टो हुक, रूफ रेल, डिकीतली जाळी, हे त्याच्या हिशेबात जवळजवळ शून्य.

एक्स्चेंजमध्ये आणखी एक खोच आहे. जुन्या गाडीला चढा भाव सांगतात आणि नवीवरची सूट गुपचूप खाली येते. मला पहिल्या वॅगनला अपेक्षेपेक्षा जास्त आकडा सांगितला तेव्हा मी खुशीत होतो. घरी येऊन कागद मांडले तेव्हा कळलं, की आठवड्यापूर्वी नुसत्या नव्या गाडीवर जी सूट देऊ केली होती तिच्यातला बराच भाग गायब होता. तेव्हापासून माझा नियम: आधी जुन्या गाडीचा शब्दही न काढता नवीची अंतिम किंमत लेखी घ्यायची, मग जुनी दाखवायची आणि शेवटी एकच विचारायचं, "वरून किती द्यायचे?" तो एक आकडा दोन-तीन शोरूममधून घेतला की चित्र स्पष्ट होतं.

हे सगळं असूनही पहिली गाडी तिथे दिली याचं समाधान आहे. पिवळ्या दिव्याचं मी सरळ सांगितलं, त्यांनी स्कॅनर लावला, भाव उतरवला आणि विषय संपला. तीच गाडी एखाद्या कुटुंबाला विकली असती तर महिनाभराने येणाऱ्या फोनच्या धास्तीत राहिलो असतो.

वेबसाइटवर नंबर टाकून लगेच भाव देणारे खरेदीदार याच जातीचे, फक्त घाईचे. पडद्यावरचा आकडा आमिषाचा असतो. प्रत्यक्ष तपासणीत ओरखडा, टायर, एकच चावी असं करत तो खाली येतो. तिथून गाडी परत घेऊन निघायची मनाची तयारी असेल तरच जा.

स्वतः विकताना

वॅगनची गिऱ्हाइकं थोडी, पण हट्टी. कुत्री पाळणारे, सायकली नेणारे, चेलोसारखं मोठं वाद्य घेऊन फिरणारे, मागे कॅरॅव्हॅन किंवा ट्रेलर ओढणारे. ओढायचं असेल तर कमी आरपीएमला मिळणारा डिझेलचा जोर त्यांना हवाच असतो. व्यापाऱ्याच्या लेखी जे शून्य, त्याचे पैसे हे लोक देतात. त्यांना सापडायचं तर नाव बरोबर लिहा. हे लोक कंपनीने दिलेल्या नावाने शोधतात: स्कोडाची कॉम्बी, फोक्सवॅगनची व्हेरियंट, ऑडीची अवांत, बीएमडब्ल्यूची टूरिंग, प्यूजोची एसडब्ल्यू. नुसतं "फॅमिली कार" लिहिलं तर सेडान शोधणाऱ्यांचेच फोन येतील. मागची सीट पाडून डिकीची सपाट लांबी टेपने मोजा आणि सेंटिमीटरमध्ये लिहा. माझ्या जाहिरातीत सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली ओळ तीच होती.

आता जाणकार गिऱ्हाईक काय करतं ते बघा. माझी दुसरी गाडी घेतलेले गृहस्थ सकाळी सातला आले. नमस्कार झाला आणि पहिल्यांदा तळहात बॉनेटवर ठेवला. गार होतं. मग म्हणाले, आता चालू करा. गार इंजिन किती सेल मारल्यावर लागतं, सुरुवातीला निळा किंवा पांढरा धूर राहतो का, हे त्यांना बघायचं होतं. विक्रेत्याने आधीच इंजिन गरम करून ठेवलं असेल तर काहीतरी लपवतोय असं समजायचं, हा त्यांचा खाक्या. मग ते मागे गेले, उकिडवे बसले आणि सायलेन्सरच्या नळीत बोट फिरवून मला दाखवलं. बोट जवळजवळ स्वच्छ. डीपीएफ शाबूत असेल तर नळीत काजळी साचत नाही. बोट काळंकुट्ट निघालं तर फिल्टर तडकलाय किंवा कोणीतरी पोकळ करून ठेवलाय, आणि पोकळ फिल्टरची गाडी रस्त्यावर आणणं बऱ्याच देशांत बेकायदा आहे. ऑइलची पट्टीही काढली. पातळी कमी असेल म्हणून नव्हे, वरच्या खुणेच्याही वर गेली असेल म्हणून. गाडी सतत जवळच्या फेऱ्या मारत असेल तर फिल्टरमधली काजळी जाळायला सोडलेलं जादा डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि पातळी वाढते. शेवटी इंजिन बंद केलं आणि कान लावला. बंद होताना खडखड झाली तर फ्लायव्हील.

या चारही गोष्टी तुम्ही स्वतः आधी करून बघा. त्यात गाडी पास झाली आणि टायमिंग बेल्ट बदलल्याचं बिल हातात असलं तर स्वतः विकायला हरकत नाही. एकात जरी नापास झाली तर एक्स्चेंजचा विचार करा, किंवा दोष लिहून भाव कमी करा. विकण्याआधी मोठं काम मात्र काढू नका, टर्बो बदलल्याचा पूर्ण पैसा भावात परत येत नाही. अपवाद एकच: चालवताना डीपीएफचा दिवा नुकताच लागला असेल तर हायवेला वीसेक मिनिटं एका वेगात चालवून बघा, फिल्टर सुमारे 600 अंशांना काजळी जाळून मोकळा होतो. दिवा गेला तर डिझेलवर भागलं.

धोकेही आहेत. एकदा दोघे आले. एकाने मला डिकीपाशी बोलण्यात गुंतवलं, दुसरा उघड्या बॉनेटपाशी थांबला. थोड्या वेळाने कूलंटच्या (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या) टाकीत त्यानेच ओतलेल्या ऑइलचा तवंग आणि "हेड गॅस्केट गेलंय, निम्म्यात देता का?" सकाळीच टाकीचा फोटो काढला होता म्हणून वाचलो. तेव्हापासून बॉनेट उघडं असताना मी तिथून हलत नाही. चाचणीला जाताना सोबत बसायचं, चावी हातातून हातात द्यायची, आणि पैसे आपल्या खात्यात आपल्या फोनवर दिसल्याशिवाय कागदावर सही करायची नाही. समोरच्याच्या मोबाइलवरचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत.

बाकीचे मार्ग

लिलावात शुल्क जातं आणि तिथे व्यापारीच बोली लावतात, म्हणजे फिरून तोच भाव. गाडी चालतच नसेल तर स्पेअर पार्टसाठी देण्यात अर्थ आहे: वॅगनचा मागचा दरवाजा, डिकीचं ओढायचं कव्हर आणि रूफ रेल सहज मिळत नाहीत, आणि कॅटॅलिस्टमध्ये (धूर शुद्ध करणाऱ्या भागात) प्लॅटिनम असतं, त्यामुळे भंगाराच्या वजनाने मोजू देऊ नका. आणि गाडी रोज चालतेय, नवी घेण्याची घाई नाही आणि सांगितलेला भाव ऐकून वाईट वाटतंय, तर ठेवून द्या. तेवढ्या पैशात तिच्याइतकी ओळखीची गाडी तुम्हाला मिळणार नाही.

माझी पसंती विचाराल तर युरो 6, फाइल पूर्ण आणि हाताशी महिना-दीड महिना असेल तर स्वतः विका. दिवा लागलेला असेल, बिलं नसतील किंवा लोकांशी घासाघीस जमत नसेल तर एक्स्चेंज, पण "वरून किती" विचारूनच. मधल्या अवस्थेत, म्हणजे गाडी बरी पण युरो 5, आधी तीन आठवडे गिऱ्हाईक शोधा आणि व्यापाऱ्याचा लेखी भाव खिशात ठेवा. त्याच्या खाली उतरायचं नाही एवढं तरी ठरलेलं असतं.

गाडी देण्याच्या आदल्या दिवशी ॲडब्लूची (धुरातला नायट्रोजन ऑक्साइड कमी करणाऱ्या द्रवाची) टाकी भरा. ती रिकामी झाली की बऱ्याच युरो 6 गाड्या बंद केल्यावर पुन्हा चालू होत नाहीत, आणि नव्या मालकाचा पहिला फोन त्यासाठी यायला नको. मग नेव्हिगेशनमधला घरचा पत्ता पुसा, फोनची जोडणी काढा आणि डिकीच्या तळाखालची पेटी उघडून बघा. माझ्या मुलीचा हरवलेला रेनकोट मला तिथेच सापडला.