एथिक्स कमिटीचं पत्र न मागणारं जर्नल

एखादी केस रिपोर्ट (एका पेशंटच्या आजाराची नोंद) कुठे छापून आली की बनावट जर्नलांचे ईमेल सुरू होतात: ‘आदरणीय डॉक्टर, आगामी अंकासाठी आपला मौल्यवान लेख पाठवा.’ पेपर पाठवला की चार दिवसांत ॲक्सेप्टन्स लेटर, रिव्ह्यूचा, म्हणजे तज्ज्ञांनी केलेल्या तपासणीचा, एकही शेरा नाही, आणि सोबत आधी कुठेच न दिसलेल्या फीचं बिल. तोवर कॉपीराइट फॉर्मवर सही झालेली असते. मागे घेतो म्हटलं तर विड्रॉवल फी मागतात. ती नाकारली की पेपर छापून मोकळे. कोंडी होते ती इथे. छापलेला मजकूर चांगल्या जर्नलला पाठवला तर ते दुबार प्रकाशन ठरतं. थीसिसची सगळी मेहनत आणि पेशंटांनी विश्वासाने दिलेली माहिती, दोन्ही वाया.

हैदराबादच्या ओमिक्स या जर्नल-प्रकाशकावर अमेरिकेत याच तक्रारी होत्या: लपवलेली फी, न झालेला रिव्ह्यू, न विचारता घातलेली संपादकांची नावं. २०१९ मध्ये कोर्टाने ५ कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरायला सांगितली.

आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा ओळख क्रमांक, दर्जाबद्दल काही सांगत नाही. इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे जर्नलमधल्या लेखांचा इतर लेखांत सरासरी किती वेळा संदर्भ दिला गेला याचा आकडा. ‘ग्लोबल इम्पॅक्ट फॅक्टर’ला काडीची किंमत नाही; खरा आकडा क्लॅरिव्हेट या कंपनीचा. पबमेड या वैद्यकीय लेखांच्या शोधसाइटवर दोन-चार पेपर दिसले म्हणून जर्नल मेडलाइन या निवडक जर्नलांच्या यादीत असतंच असं नाही, ते एनएलएम (अमेरिकेचं राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालय) कॅटलॉगमध्ये तपासा. एकाच यादीवरही विसंबू नका. २०१७ मध्ये उघड झालेल्या एका चाचणीत अस्तित्वातच नसलेल्या पोलिश बाईंचा संपादकपदासाठी अर्ज ३६० जर्नलांना गेला होता. ४८ जर्नलांनी तो स्वीकारला आणि त्यातली ८ डीओएजे या मुक्त वाचता येणाऱ्या जर्नलांच्या यादीतली होती.

आमच्या मते सर्वांत भरवशाची खूण म्हणजे जर्नल काय विचारतं. चांगला संपादक अक्षरशः पिच्छा पुरवतो: एथिक्स कमिटीच्या (संशोधनात पेशंटचं हित जपलं जातं का ते पाहणाऱ्या समितीच्या) मंजुरीचा क्रमांक आणि तारीख, ट्रायल (पेशंटवरची उपचार-चाचणी) असेल तर पहिला पेशंट घेण्याआधीची सीटीआरआय, म्हणजे भारतातल्या ट्रायल-नोंदवहीतली, नोंदणी, प्रत्येक लेखकाने नेमकं काय केलं, पैसा कुणाचा. ओळखू येणाऱ्या फोटोला पेशंटची लेखी संमती लागते. डोळ्यांवर काळी पट्टी मारून भागत नाही. बनावट जर्नलला यातलं काहीच नको असतं. तिथे पेशंटचा चेहरा संमतीशिवाय नेटवर जातो आणि काढा म्हटलं तर उत्तर द्यायला कुणी नसतं.

अडकलात तर पैसे भरू नका. कॉपीराइटवर सही केली नसेल तर लगेच लेखी माघार कळवा, थीसिसच्या गाईडना सांगा, सगळे ईमेल जपून ठेवा. दुसरीकडे पाठवताना झालेला प्रकार कव्हर लेटरमध्ये लिहा. लपवलं तर ठपका तुमच्यावरच येतो. फोटो आधीच चढला असेल तर साइट ज्या होस्टिंग कंपनीकडे आहे तिच्याकडे तक्रार करा.