घरपोच जीवनसत्त्व-तपासणी: रक्त चोख घेतात, सल्ला मात्र बेताचा

मुलुंडमधील एका पॅथॉलॉजी प्रयोगशाळेची जीवनसत्त्वे व खनिजे तपासण्याची घरपोच सेवा आम्ही सासूबाई आणि कॉलेजात शिकणारी मुलगी या दोघींसाठी घेतली. रक्त घेण्याचे काम उत्तम झाले. तंत्रज्ञ ठरलेल्या वेळी आले, सुईचे पाकीट त्यांनी आमच्यासमोर फोडले, नळ्यांवर नावे तिथेच लिहिली आणि सासूबाईंची बारीक शीरही त्यांना चटकन सापडली. अहवाल संध्याकाळी मोबाइलवर आला.

पॅकेजमध्ये काय घातले आहे, हा मात्र निराळा प्रश्न आहे. यादी लांबलचक असली तरी नेहमी आढळणाऱ्या कमतरता ओळखायला सीबीसी (रक्तपेशी आणि हिमोग्लोबिनची मोजणी), फेरिटिन (लोहाच्या साठ्याचा अंदाज देणारी तपासणी), बी-१२ आणि डी जीवनसत्त्व एवढ्या तपासण्या बहुतेकांना पुरतात. रक्तातील कॅल्शियमचा आकडा जाहिरातीत मोठ्या अक्षरांत झळकतो. पण ती पातळी राखण्यासाठी शरीर वेळप्रसंगी हाडांतून कॅल्शियम काढून घेत असल्यामुळे, आकडा ठीक आला म्हणजे आहारातले कॅल्शियम पुरेसे आहे असे म्हणता येत नाही. उलट फेरिटिन स्वस्त पॅकेजमध्ये नाहीच, त्यासाठी महागडे घ्यावे लागते, हे मला खटकले. मुलीचे हिमोग्लोबिन १२.३ होते, प्रौढ स्त्रियांसाठी किमान १२ धरतात, म्हणजे वरवर सारे ठीकच. फेरिटिन मात्र ९ निघाले, जे १५च्या खाली गेले की लोहाचा साठा संपत आल्याचे मानतात. आधी साठा आटतो आणि हिमोग्लोबिन त्यानंतर घसरते, त्यामुळे लोकलच्या गर्दीवर ढकलला जाणारा तिचा थकवा आम्हाला वेळीच ओळखता आला. अंगात ताप किंवा संसर्ग असला तर फेरिटिन फसवे वाढलेले दिसू शकते, तरीही रक्त घेण्यापूर्वी त्याविषयी कोणी विचारले नाही.

चौकशीतली ही ढिलाई सासूबाईंच्या बाबतीत अधिक जाणवली. त्या पूर्ण शाकाहारी आहेत, मधुमेहासाठी अनेक वर्षे मेटफॉर्मिन घेतात आणि त्यांच्या पायांना मुंग्या येतात. हे औषध दीर्घकाळ घेतल्यास बी-१२ कमी होऊ शकते, आणि वनस्पतिजन्य अन्नात ते जवळजवळ नसतेच. शाकाहारी माणसाची भिस्त दूध, दही, ताक यांवर असते. त्यांचा आकडा १६८ आला, म्हणजे २००च्याही खाली. अहवालात तो लाल रंगात छापला होता, पुढे काही नाही. मुंग्या मधुमेहाच्या की बी-१२च्या, हे आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी तपासले आणि इंजेक्शने सुरू केली. अशा वेळी नुसते फॉलिक ॲसिड घेत राहिल्यास रक्तक्षय सुधारल्यासारखा दिसतो, नसांचे नुकसान मात्र चालूच राहते, असेही त्यांनी बजावले.

पॅकेजसोबत आहारतज्ज्ञांचा दूरध्वनीवरील सल्ला मिळतो. तो सवलतीतल्या मल्टिव्हिटॅमिनवर येऊन थांबला. डी जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक घ्या, असे सांगितले. किती आठवडे, ते नाही. हे जीवनसत्त्व शरीरात साठते आणि अतिरेक झाल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना धोका होतो, तेव्हा इतकी अर्धवट सूचना देणे मला बेजबाबदारपणाचे वाटते. आमच्या घरी काय शिजते, हे तर विचारलेच नाही. जेवणावर लगेच चहा घेतल्याने लोह कमी शोषले जाते, उसळीवर लिंबू पिळल्याने ते वाढते, नाचणीच्या भाकरीतून कॅल्शियम मिळते, मासे खाणाऱ्या मुलीला बांगडा आणि तारली चालतील, किंवा बंद खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हाने डी जीवनसत्त्व तयार होत नाही, यांपैकी एखादी गोष्ट तरी निघायला हवी होती.

रक्त घेण्यासाठी याच प्रयोगशाळेला मी पुन्हा बोलावीन, पॅकेज मात्र घेणार नाही. साधारण तीन महिन्यांनी करायच्या फेरतपासणीसाठी फेरिटिन आणि बी-१२ सुटे करून मिळतात. ॲपवर ते सहजी दिसत नाहीत, फोन करून दर विचारावा लागतो.