‘तुमची शैली दृश्य आहे’: शिक्षकांसाठीच्या एका तंत्रज्ञान कार्यशाळेचा अनुभव

उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या शिक्षण संस्थेने माध्यमिक शाळेतील आम्हा बारा जणांना शैक्षणिक तंत्रज्ञानाच्या तीन दिवसांच्या अनिवासी कार्यशाळेला पाठवले. शुल्क माणशी १,८०० रुपये होते आणि त्यात दोन वेळचा चहा, दुपारचे जेवण, प्रमाणपत्र व महिनाभराने होणारे एक ऑनलाइन सत्र यांचा समावेश होता. कार्यशाळा घेणाऱ्या संस्थेचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण पुढे जे दोष सांगणार आहे ते कमी-अधिक प्रमाणात अशा अनेक कार्यशाळांत दिसतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तासांचे व्यावसायिक विकासाचे प्रशिक्षण घ्यावे अशी अपेक्षा व्यक्त झाल्यापासून अशी प्रशिक्षणे देणाऱ्यांची संख्या वाढली आहे, त्यामुळे पैसे भरण्यापूर्वी काय पाहावे हे कोणीतरी लिहून ठेवणे आवश्यक वाटले.

माहितीपत्रकावर ठळक अक्षरांत ‘प्रत्येक शिक्षकाच्या अध्ययनशैलीनुसार प्रशिक्षण’, म्हणजे ज्याच्या त्याच्या शिकण्याच्या पद्धतीप्रमाणे प्रशिक्षण, असे छापलेले होते. आमची मुख्याध्यापक मंडळी भुलली ती याच ओळीला, आणि खरे सांगायचे तर मीही भुललो.

पहिल्या दिवशी हजेरी झाल्याबरोबर सोळा प्रश्नांची एक प्रश्नावली हातात पडली. नवा पत्ता शोधताना तुम्ही नकाशा पाहता, कोणाला विचारता, लिहून घेता की सरळ चालू लागता, अशा धाटणीचे प्रश्न होते. उत्तरांची बेरीज करून आमचे दृश्य, श्राव्य, वाचन-लेखन आणि कृती असे चार गट पाडण्यात आले आणि प्रत्येकाच्या खिशाला त्या त्या रंगाची फीत लावण्यात आली. मला निळी, म्हणजे दृश्य गटाची फीत मिळाली. यानंतर गूगल फॉर्मवर चाचणी कशी तयार करावी हा एकच घटक चारही गटांना चार प्रकारांनी शिकवला गेला. आम्हाला चित्रफीत दाखवली, श्राव्य गटाला व्याख्यान ऐकवले, वाचन-लेखन गटाच्या हाती छापील पाने दिली आणि कृती गटाला संगणकापुढे बसवले. प्रयोगशाळेत संगणक पंधरा आणि प्रशिक्षणार्थी चौतीस असल्यामुळे ही विभागणी आयोजकांच्या पथ्यावर पडली असावी, अशी शंका आमच्या इतिहासाच्या बाईंनी चहाच्या वेळी बोलून दाखवली.

दुपारी सर्वांना प्रत्यक्ष पाच प्रश्नांची चाचणी तयार करायला सांगितली, तेव्हा सकाळी ज्यांचा हात संगणकाला लागला होता त्यांचे काम झाले आणि उरलेले आम्ही ‘उत्तरसूची’चे बटण शोधत बसलो. याला शास्त्रीय प्रयोग म्हणता येणार नाही हे मान्य आहे. तरीही जे काम हाताने करायचे आहे ते कोणत्याही फितीच्या माणसाला हाताने करूनच येते, एवढे त्या दुपारी आम्हा सर्वांना पुरेसे उमगले.

हा वर्गीकरणाचा सोस कोठून आला हे थोडक्यात सांगतो. चार प्रकारांची ही प्रश्नावली न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंग यांच्या मांडणीवरून आलेली आहे. ते पूर्वी शाळा तपासनीस होते आणि १९९२ साली त्यांनी सहकाऱ्यासह ही मांडणी प्रसिद्ध केली. अध्ययनशैलींच्या अशा मांडण्यांचे पीक किती आले याचा अंदाज २००४ साली ब्रिटनमध्ये झालेल्या एका आढाव्यावरून येतो, कारण फ्रँक कॉफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यात तब्बल ७१ मांडण्यांची नोंद करून त्यांपैकी १३ बारकाईने तपासल्या होत्या. पुढे २००८ साली मानसशास्त्रज्ञ हॅरॉल्ड पॅश्लर व त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी नेमका प्रश्न विचारला: दृश्य शैलीच्या माणसाला चित्राने आणि श्राव्य शैलीच्या माणसाला ऐकवून शिकवले, तर प्रत्येकाला आपापल्या पद्धतीनेच अधिक येते, असे एकाच परीक्षेतून दिसते का? असा निष्कर्ष काढण्याजोगा पुरावा त्यांना जवळजवळ सापडला नाही. माणसांच्या आवडी वेगवेगळ्या असतात हे त्यांनी नाकारलेले नाही. आवडीनुसार शिकवल्याने अधिक येते, एवढेच सिद्ध झालेले नाही. शिक्षकांना शिकवणाऱ्या संस्थेने प्रश्नावली वाटण्याआधी हा फरक सांगायला हवा होता, कारण येथून परत गेलेला शिक्षक शाळा उघडल्यावर आपल्या वर्गातल्या मुलांनाही फिती लावू शकतो.

मग आमच्यात खरे फरक कोणते होते? ते प्रश्नावलीत नव्हतेच. कोणाला मराठी टंकलेखन येत होते, कोणाला नाही. कोणाच्या चष्म्याला पडद्यावरची बारीक अक्षरे पेलत नव्हती. काहींना स्वतःहून चुका करत शिकायची सवय होती, तर काहींना तरुण सहकाऱ्यांदेखत चूक होण्याची धास्ती होती, आणि ही धास्ती ते ‘मला यात रस नाही’ या वाक्याखाली झाकत होते.

आमच्याच शाळेतील गणिताच्या गुरुजींचे उदाहरण देतो. त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षे आहेत. प्रश्नावलीने त्यांना कृती गटात टाकले होते, परंतु ते संगणकापुढे बसूनही काखेतली डायरी सोडत नव्हते आणि प्रत्येक पायरी आधी लिहून मगच कळ दाबत होते. इनस्क्रिप्ट या मराठी टंकलेखनाच्या कळफलकावर ‘वर्तुळ’ लिहिताना त्यांचे घोडे रफारापाशी अडले. त यायच्या आधीच वरचा रफार शोधत ते कळफलकभर बोट फिरवत राहिले. दुसऱ्या दिवशीच्या सुलभक (मार्गदर्शक) मॅडमनी ते पाहिले आणि शेजारी खुर्ची ओढून, हात मांडीवर ठेवून म्हणाल्या, “गुरुजी, माउस तुमच्याकडेच राहू द्या, मी फक्त बोलते. आधी र, मग त्याचा पाय मोडा, मग त.” तिसरी कळ दाबताच रफार उडी मारून त च्या डोक्यावर बसला. गुरुजींनी लगेच डायरीत लिहिले: ‘रफार शोधायचा नाही, तो आपोआप वर जातो.’

या मॅडमचे सत्र हीच या कार्यशाळेची खरी कमाई होती. त्यांनी फिती काढून ठेवायला सांगितल्या आणि दोघा-तिघांना एक संगणक दिला. जिओजेब्रा या भूमितीच्या आकृत्या काढण्याच्या संगणक प्रणालीवर त्रिकोण काढून त्याचे शिरोबिंदू ओढायचे, तिन्ही कोनांची मापे पडद्यावर ठेवायची आणि बेरीज मात्र कागदावर करायची, असे काम होते. पाहणे, करणे, लिहिणे आणि जोडीदाराशी बोलणे हे सगळे त्यात ओघाने आले, आणि ते सर्वांच्याच वाट्याला आले. गुरुजींची बेरीज १८०.०१ आली. त्यांनी दोनदा करून पाहिली आणि मग हळूच विचारले, “मॅडम, यंत्र चुकतंय की युक्लिड?” मॅडमनी उत्तर सांगण्याऐवजी दशांश स्थळांची संख्या वाढवायला लावली. प्रत्येक कोन दोन दशांश स्थळांपर्यंत पूर्णांकित केल्यामुळे तीन लहान फरक एकत्र होतात, हे खोलीतल्या भाषा-शिक्षकांनाही समजले. नववीच्या वर्गात हा प्रश्न कसा मांडायचा यावर मग अर्धा तास चर्चा झाली आणि चहा थंड झाला. शिक्षण-संशोधक पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू केलर यांनी २००६ साली मांडले होते की शिक्षकाला तंत्रज्ञान, अध्यापन आणि विषय ही तीन ज्ञाने सुटी सुटी असून भागत नाही, त्यांचा मेळ यावा लागतो. त्या अर्ध्या तासात तो मेळ डोळ्यांसमोर होता.

तिसरा दिवस मात्र उतरता होता. सकाळच्या सरांनी पडद्यावर परिच्छेदच्या परिच्छेद ठेवले आणि तेच शब्द मोठ्याने वाचले. नुसत्या शब्दांपेक्षा शब्द आणि चित्रे यांची जोड दिल्याने अधिक समजते, हे मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांतून दिसून आलेले आहे, आणि मजेची गोष्ट म्हणजे सरांच्या एका पडद्यावर मेयर यांचे नावही होते. दुपारी प्लिकर्स शिकवले. प्रत्येक मुलाकडे छापील कार्ड, शिक्षकाकडे एकच मोबाइल आणि कार्ड ज्या बाजूने धरले त्यावरून उत्तराची नोंद, अशी ही सोय असल्यामुळे मुलांकडे उपकरणे नसलेल्या शाळांसाठी ती फारच उपयोगी आहे. तिला जेमतेम पाऊण तास मिळाला. पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोड आणि दीक्षा हे सरकारी शैक्षणिक ॲप यांवरचे सत्र बहुतेकांना आधीच येणाऱ्या गोष्टींत गेले. जेवण चांगले होते. प्रोजेक्टर जुना आहे आणि मागच्या दोन रांगांतून पडद्यावरील मेनू वाचता येत नाही, तेव्हा जाणाऱ्यांनी पुढे बसावे.

नोंदणी करण्यापूर्वी आयोजकांना दोन गोष्टी अवश्य विचाराव्यात: किती जणांमागे एक संगणक आहे, आणि गट विषयानुसार व पूर्वानुभवानुसार होणार आहेत की प्रश्नावलीनुसार. दुसऱ्या दिवसाच्या मॅडम संपूर्ण कार्यशाळा घेणार असतील तर १,८०० रुपये मी स्वतःच्या खिशातून भरीन. सध्याच्या रचनेत तीन दिवसांपैकी दीड दिवसाचेच मोल मिळते.

महिनाभरानंतरचे ऑनलाइन सत्र ठरल्याप्रमाणे झाले, परंतु चौतीसपैकी अकराच जण हजर होते. ज्यांना लिहिलेले पाहून काम करायची सवय आहे त्यांच्यासाठी पायऱ्यांची छापील टिपणे द्यावीत, अशी मागणी आम्ही तेथे केली. आठवड्याने चौदा पानांची सुबक पुस्तिका सर्वांच्या मोबाइलवर आली. सहाव्या पानावर ‘रफार शोधायचा नाही, तो आपोआप वर जातो’ हे वाक्य शब्दशः छापलेले आहे. गुरुजींनी शेवटच्या दिवशी छायाप्रतीसाठी आपली डायरी आयोजकांकडे दिली होती. पुस्तिकेत त्यांचे नाव कोठेही नाही.