मराठी विकिपीडियाचे चर्चापान : अनोळखी माणसाशी वाद घालण्याची एक बरी जागा

मराठी विकिपीडियावरील प्रत्येक लेखाच्या माथ्यावर 'चर्चा' असा एक दुवा असतो, आणि लेख वाचून पुढे जाणाऱ्या बहुतेकांचे त्याकडे लक्षही जात नाही. इंटरनेटवर अनोळखी माणसांशी वाद घालून कोणाच्या पदरात कधी काही पडते का, असा प्रश्न ज्यांना पडतो, त्यांनी हा दुवा उघडून पाहावा. म्हणून हे परीक्षण संपूर्ण विकिपीडियाचे नसून केवळ त्याच्या चर्चापानाचे आहे.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, म्हणजे नेमका महाराष्ट्र दिनी सुरू झाला. चर्चापानाची रचना साधी आहे. लेखातील मजकुराविषयी आक्षेप असल्यास तो तेथे मांडायचा आणि शेवटी चार टिल्ड चिन्हे (~~~~) टाकायची, की लिहिणाऱ्याचे सदस्यनाव आणि वेळ आपोआप उमटते. लिहिलेले नंतर कोणी खोडले, तरी पानाच्या इतिहासात ते सर्वांना पाहता येते. आपले बोलणे कायमचे नोंदले जाणार आहे हे ठाऊक असले, की माणूस जरा जपून बोलतो, हा या व्यवस्थेचा पहिला फायदा.

दुसरा फायदा अधिक महत्त्वाचा आहे, आणि तो मुंबईतील कोणत्याही सोसायटीच्या ग्रुपशी तुलना केल्यास चटकन ध्यानात येतो. दरवर्षी १६ एप्रिल आला, की १८५३ साली भारतातील पहिली रेल्वे बोरीबंदरहून ठाण्याला धावल्याचा संदेश अशा ग्रुपवर हमखास येतो. मग कोणीतरी म्हणतो, की मद्रासजवळ रेड हिल्स येथे १८३७ मध्येच रेल्वे होती. त्यावर तिसरा भडकतो, आणि दुपारपर्यंत गाडी रेल्वेचे रूळ सोडून कोण मुंबईत कधी आला या प्रश्नावर पोहोचते. वास्तविक दोघांचेही बरोबर असते. मद्रासची ती रेल्वे दगड वाहून नेण्यासाठी होती, तर बोरीबंदरहून सुटलेली गाडी जनतेसाठीच्या प्रवासी वाहतुकीचा आरंभ होती. चर्चापानावर हाच वाद झाला, तर 'कोण बरोबर' हा मुद्दा मागे पडतो आणि लेखात कोणते वाक्य ठेवायचे व त्याला आधार कोणता, एवढेच ठरवायचे उरते. दोन्ही रेल्वेंचा उल्लेख करणारे एखादे वाक्य तयार झाले, की काम संपते. समोरच्याने 'माझे चुकले' असे म्हणण्याची गरजच राहत नाही, आणि माझ्या मते या सेवेचे खरे बळ यातच आहे, कारण परक्या माणसाकडून चारचौघांत अशी कबुली मिळवणे जवळजवळ अशक्य असते.

मतभेद सालांविषयी नसून दोषाविषयी असतो, तेव्हा मात्र कसोटी लागते. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला आणि सुमारे अडीच लाख कामगारांचा सहभाग असलेला गिरणी संप घ्या. गिरणगाव कोणी बुडवले, या प्रश्नावर परळ-लालबागमध्ये आजही एकमत होणार नाही. कोणी सामंतांना दोष देईल, कोणी मालकांना, कोणी सरकारला, तर कोणी मान्यताप्राप्त युनियनला. तटस्थ दृष्टिकोनाच्या धोरणानुसार येथे निवाडा द्यायचा नसतो. कोणते मत कोणाचे आणि ते कोठे छापले आहे, हे नोंदवायचे असते. हे मिळमिळीत वाटेल, पण विरोधी मत त्याच्या बाजूने नीट लिहून काढायला लागणे हा एक विलक्षण व्यायाम आहे. इंग्रजी विकिपीडियाच्या लेखांवर २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की परस्परविरोधी राजकीय कल असलेल्या संपादकांनी मिळून घडवलेले लेख एकाच कलाच्या संपादकांच्या लेखांपेक्षा सरस होते.

याच नियमांची एक बाजू मला खटकते. संपात स्वतः उतरलेल्या कामगाराने आपली आठवण येथे सांगितली, तर ती पुरावा म्हणून चालत नाही; तिच्याविषयी आधी कोठेतरी विश्वासार्ह छापील मजकूर असावा लागतो. नियमामागचे कारण पटते, कारण अनोळखी माणसाची आठवण पडताळणार कशी? तरीही ज्या माणसाने भोगले, त्याच्यापेक्षा ज्याने त्याविषयी लिहिले, त्याचा शब्द येथे जड ठरतो, ही गोष्ट पचनी पडायला वेळ लागतो.

वादाला अंत नसणे हा दोषही येथे आहेच. इंग्रजी विकिपीडियावर दह्याच्या लेखाच्या शीर्षकात 'एच' हे अक्षर असावे की नसावे (Yoghurt की Yogurt), यावर अनेक वर्षे खल चालला आणि २०११ मध्ये ते अक्षर गळून प्रकरण मिटले. मराठीत अडचण नेमकी उलटी आहे. येथे सक्रिय संपादक थोडे असल्यामुळे अनेक लेखांची चर्चापाने कोरीच असतात, आणि विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळेलच याची खात्री नसते. अशा वेळी 'चावडी' या सामाईक पानावर विचारणे बरे.

सेवा विनामूल्य आहे, जाहिराती नाहीत, आणि लोकलमध्ये उभ्याने मोबाइलवरही ती वापरता येते, मात्र संदर्भ जोडण्याचे काम घरी बसूनच करावे. आपण जिंकलो हे कोणीतरी मान्य करावे अशी ज्यांची अपेक्षा आहे, त्यांची येथे निराशा होईल. याउलट संपकाळातील वर्तमानपत्रांची कात्रणे ज्यांनी जपून ठेवली आहेत, अशा वाचकांना मी ही सेवा आग्रहाने सुचवीन. फक्त कात्रणावर वर्तमानपत्राचे नाव आणि तारीख शाबूत आहे ना, हे त्यांनी आधी पाहून घ्यावे.