जर्मनीत लग्नानंतरचा टॅक्स क्लास: तीन-पाच घ्यावा की चार-चारच ठेवावा?

लग्न करून जोडीदाराला जर्मनीत आणलं की अनमेल्डुंग (पत्त्याची सरकारी नोंदणी), बँक खातं, आरोग्य विमा या धावपळीत ऑफिसातलं कुणीतरी हमखास विचारतं, "टॅक्स क्लास बदललास का? तीन-पाच घेऊन टाक, हातात जास्त येतात." टॅक्स क्लास म्हणजे पगारातून दर महिन्याला किती कर कापायचा हे ठरवणारा गट. तीन-पाच म्हणजे एकाला तिसरा आणि दुसऱ्याला पाचवा, चार-चार म्हणजे दोघांनाही चौथा. हातात जास्त येतात हे खरंच आहे, पण त्याची दुसरी बाजू फारसं कुणी सांगत नाही. आम्ही दोन्ही पद्धतींनी पगार घेतलाय. माझा कल आता चार-चारकडे आहे. तुमच्या घरचं गणित वेगळं असू शकतं, म्हणून दोन्ही बाजू मांडतो.

जोडीदार अजून पुण्या-नाशकात व्हिसाची वाट बघत असेल, तर हा प्रश्न तूर्त नाहीच. ती व्यक्ती इथे राहायला येईपर्यंत तुमचा पहिला, म्हणजे एकट्यांचा क्लासच चालू राहतो. ती आली, नोंदणीत लग्नाची नोंद झाली, की दोघांनाही आपोआप चौथा क्लास मिळतो. तीन-पाच हवा असेल तर मात्र अर्ज करावा लागतो. आणखी एक काम आताच करून ठेवा: त्या वर्षात भारतात मिळालेल्या पगाराच्या चिठ्ठ्या जपून ठेवा. त्या पगारावर इथे कर लागत नसला, तरी तुमचा कराचा दर ठरवताना तो धरला जातो.

सगळ्यात आधी हे मनाशी पक्कं करा, की वर्षाचा एकूण कर टॅक्स क्लासवर ठरत नाही. दोघांनी एकत्र रिटर्न भरलं, की दोघांचं उत्पन्न एकत्र करून निम्मं करतात, त्या निम्म्यावर कर काढतात आणि त्याची दुप्पट करतात. १९५८ पासून हीच पद्धत आहे आणि ती दोन्ही पर्यायांना सारखीच लागू होते. लग्न डिसेंबरात झालं तरी फायदा अख्ख्या वर्षाचा मिळतो. क्लास फक्त दर महिन्याला कुणाच्या पगारातून किती कापायचं, एवढंच ठरवतो.

आता आकडे. एकाचा पगार महिना ५,००० युरो ब्रुटो (कपातीआधीचा), दुसऱ्याचा २,००० असं धरू. आमचं प्रमाणही साधारण असंच होतं. २०२५ च्या दरांनी ढोबळ हिशेब केला, तर तीन-पाचमध्ये दोघांचे मिळून महिन्याला दीडशे-पावणेदोनशे युरो जास्त हातात येतात. वर्षाचे झाले दोन हजारांच्या आसपास. मग रिटर्नच्या वेळी चार-चारवाल्यांना साधारण सातशे युरो परत मिळतात आणि तीन-पाचवाल्यांना साधारण साडेबाराशे भरावे लागतात. दोन्ही टोकं जोडून पाहा, तेच दोन हजार. मिळकत साठ-चाळीसपेक्षा जास्त विषम असली की तीन-पाच फायद्याचा, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. इथे तर प्रमाण सत्तर-तीसचं आहे, तरीही भरणा येतोच. हे ऐकून अनेकांना धक्का बसतो.

बायको आली तेव्हा तिला नोकरी नव्हती, भाषेचा कोर्स चालू होता. त्या काळात आम्ही तीन-पाच घेतला, आणि तसं कुणी असेल तर मी आजही तोच घ्या म्हणेन. एकच पगार असेल तर पाचव्या क्लासचा त्रास कुणालाच होत नाही आणि तिसऱ्याचा पूर्ण लाभ मिळतो. जोडीदार फक्त मिनीजॉब करत असेल, म्हणजे २०२६ च्या मर्यादेप्रमाणे महिना ६०३ युरोपर्यंत, आणि त्याचा ठोक कर मालकच भरत असेल, तरी हेच लागू.

माझं मत बदललं ते तिच्या पहिल्या पगाराच्या चिठ्ठीनं. क्लास पाच. ब्रुटो २,०००. त्यातून लोनश्टॉयरचेच, म्हणजे पगारावरच्या कराचेच, तीनशेच्या वर गेलेले, खाली पेन्शन, आरोग्य, बेकारी, सेवाशुश्रूषा असे चार विमे, आणि शेवटी खात्यात साडेबाराशेच्या आसपास. शेजारी माझी चिठ्ठी. माझ्या पाच हजारांवर कर शेकडा आठ, तिच्या दोन हजारांवर शेकडा पंधरा. तिनं सरळ विचारलं, "मी कमी कमावते, मग माझाच कर जास्त का?" उत्तर असं, की तीन-पाचमध्ये तिची करमुक्त मर्यादा माझ्या चिठ्ठीवर येऊन बसते. २०२५ मध्ये ही मर्यादा माणशी १२,०९६ युरो होती. म्हणजे माझ्याकडे दोन जणांची आणि तिच्याकडे शून्य. चौथ्या क्लासात तिच्या हातात साडेचौदाशेच्या वर आले असते.

पैसे शेवटी एकाच घरात येतात, हे मलाही मान्य आहे. पण परक्या देशात मिळवलेला पहिला पगार असा अंगावर येणं मला फार लागलं. कितीतरी जणी इथे पहिली नोकरी धरताना "एवढ्याशासाठी कशाला करायचं" म्हणून थांबतात, त्यामागे ही चिठ्ठी असते. त्यांची मेहनत त्या कागदावर खरी आहे त्यापेक्षा लहान दिसते.

आणि ही गोष्ट दिसण्यापुरती राहत नाही. जर्मनीत अडीअडचणीला मिळणारे बरेच पैसे नेटो, म्हणजे कपातीनंतरच्या पगारावरून ठरतात. बेकारीभत्ता नेटोच्या ६० टक्के, मूल असेल तर ६७ टक्के. बाळंतपणाच्या रजेत मालक भरपाई देतो तीही नेटोवर. एल्टर्नगेल्ड, म्हणजे बाळासाठी कामातून रजा घेणाऱ्या आईवडिलांना मिळणारा सरकारी भत्ता, बहुतेकांना नेटोच्या ६५ ते ६७ टक्के मिळतं, किमान ३०० आणि कमाल १,८०० युरो. वरच्या उदाहरणात आईनं रजा घेतली, तर पाचव्या क्लासमुळे तिचं एल्टर्नगेल्ड महिन्याला सव्वाशे युरोच्या आसपास कमी होतं. जादा कापलेला कर रिटर्नमध्ये जुळतो, हे एल्टर्नगेल्ड कुठेच भरून निघत नाही. नवविवाहितांनी तीन-पाच आणि चार-चार यांची तुलना करताना मला वाटतं याच ओळीवर सगळ्यात जास्त थांबावं.

बाळाचा विचार असेल तर तारखाही बघा. बाळंतपणाच्या रजेच्या आधीच्या बारा महिन्यांत जो क्लास जास्त महिने होता तो धरतात, म्हणजे रजा सुरू होण्याच्या किमान सात महिने आधी बदल लागू झालेला हवा. रजा प्रसूतीच्या सहा आठवडे आधी सुरू होते. काही जोडपी यासाठी आईलाच तिसरा क्लास घेतात, आणि २००९ मध्ये इथल्या सर्वोच्च सामाजिक न्यायालयानं त्यात गैर काही नाही असं सांगितलं आहे.

वर्षाअखेरच्या भरण्याचं मला तितकं वाटत नाही. पैसे बाजूला ठेवण्याची शिस्त असेल तर निभावतं. पण एकदा मोठा भरणा निघाला, की फिनान्झआम्ट (कर कार्यालय) पुढच्या वर्षासाठी आगाऊ हप्ते लावू शकतं, मार्च, जून, सप्टेंबर आणि डिसेंबरच्या १० तारखेला. भारतात घराचा हप्ता चालू असेल तर हे जड जातं. शिवाय दोघंही पगारदार असतील तर तीन-पाचमध्ये रिटर्न भरणं सक्तीचं आहे. नुसत्या चार-चारमध्ये इतर कारण नसेल तर सक्ती नाही, आणि स्वतःहून भरायला चार वर्षं मिळतात.

चार-चारचीच एक फाक्टरवाली आवृत्ती आहे. त्यात दोघांच्या अंदाजे पगारांवरून एक गुणक काढतात आणि दर महिन्याला जवळजवळ नेमका कर कापतात. तत्त्व म्हणून मला ती सगळ्यात न्याय्य वाटते. पण गुणक जास्तीत जास्त दोन वर्षं चालतो, पुन्हा अर्ज करावा लागतो आणि रिटर्नही सक्तीचं होतं. नव्या नोकरीत पगार हलत असतो, तेव्हा साधा चार-चार मला सुटसुटीत वाटला. महिन्याला साठेक युरो कमी आले, ते रिटर्नमध्ये परत मिळाले. सरकारनं तीन-पाच २०३० पासून बंद करून सगळ्यांना फाक्टरवर आणायचा प्रस्ताव २०२४ मध्ये मांडला होता, तो पुढे गेला नाही. तेव्हा निवड सध्या तुमचीच आहे.

बदल एल्स्टर या सरकारी कर-पोर्टलवरून घरबसल्या होतो, २०२० पासून वर्षातून कितीही वेळा करता येतो आणि पुढच्या महिन्यापासून लागू होतो. चालू वर्षासाठी अर्ज ३० नोव्हेंबरपर्यंत पोचला पाहिजे. तीन-पाच घ्यायला दोघांचीही संमती लागते. त्यातून चार-चारवर यायला मात्र दोघांपैकी कुणाही एकाचा अर्ज पुरतो.