स्कॅनर उत्तम, परवाना अडचणीचा: तीन वर्षांच्या वापरानंतरचे परीक्षण

आमच्या पाच जणांच्या हिशेबतपासणीच्या कार्यालयात टेबलावर ठेवायचा एक स्कॅनर घेतला, त्याला आता तीन वर्षे आणि दोन महिने झाले. कागदांचा गठ्ठा वरच्या ट्रेमध्ये ठेवायचा, बटण दाबायचे आणि यंत्र एकेक पान ओढून त्याच्या दोन्ही बाजू एकाच फेरीत संगणकावर उतरवते, अशा प्रकारातला तो आहे. कंपनीचे नाव येथे देत नाही, कारण माझी जी तक्रार आहे ती कंपनी बदलली म्हणून सुटेल अशी राहिलेली नाही. परीक्षण लिहायला इतका काळ थांबले त्याचेही कारण आहे. पहिल्या महिन्यात लिहिले असते तर निव्वळ कौतुक लिहिले असते आणि त्या भरवशावर कोणी खरेदी केली असती, तर त्याचा खरा खर्च त्याला दीड वर्षानंतर कळला असता.

आधी यंत्राविषयी, कारण त्याच्या वाट्याचे श्रेय त्याला मिळायलाच हवे. आमच्याकडे येणारे कागद एकसारखे कधीच नसतात. जाड लेटरहेडवरची बिले, कार्बनच्या पातळ प्रती, घड्या पडलेल्या पावत्या, कोपऱ्यात टाचणीची भोके असलेली व्हाउचरे असे सगळे एकाच गठ्ठ्यात असते. हा स्कॅनर ते सगळे न अडखळता ओढतो. दोन पाने एकमेकांना चिकटून आत जाऊ लागली, तर तो लगेच थांबतो. त्यासाठी आत ध्वनिलहरींवर चालणारा संवेदक बसवलेला असतो. दोन कागदांच्या मधल्या हवेच्या पातळ थरातून जाताना ध्वनी क्षीण होतो आणि त्यावरून यंत्र ओळखते की आत एक नव्हे, दोन पाने आहेत. व्हाउचरावर चिठ्ठी डकवलेली असली की ही यंत्रणा फसते आणि ती सोय तेवढ्यापुरती बंद करावी लागते, पण हिशेबाच्या कामात एक पान निसटण्यापेक्षा दहा वेळा थांबणे परवडते. उष्णतेने छापलेल्या पावत्यांची अक्षरे काही महिन्यांत फिकी पडतात. त्या वेळेवर स्कॅन झाल्यामुळे आमचे कितीतरी पुरावे वाचले आहेत. कागद ओढणारे रबरी रोलर गुळगुळीत होऊन चमकू लागले की पाने तिरकी जातात, तेव्हा ते ओलसर, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसावे लागतात. तीन वर्षांत रोलरचा संच आम्ही एकदाच बदलला. यंत्रावर याहून जास्त लिहिण्यासारखे काही नाही, आणि कार्यालयातल्या यंत्राच्या बाबतीत ही मोठीच गोष्ट आहे.

अडचण सुरू होते ती यंत्राबरोबर आलेल्या सॉफ्टवेअरपासून. स्कॅनर केवळ चित्र काढतो. त्या चित्रातला मजकूर ओळखून शोधता येईल अशी पीडीएफ तयार करणे, कोरी पाने आपोआप गाळणे, पक्षकाराचे नाव आणि तारीख घालून फाइल योग्य फोल्डरमध्ये ठेवणे ही कामे सॉफ्टवेअर करते. खोक्यावर ‘सॉफ्टवेअर समाविष्ट’ असे ठळक छापलेले होते आणि पहिले चौदा महिने ते खरेही होते. त्यानंतर एक अपडेट आले. ते घेतल्यावर प्रत्येकाला कंपनीच्या संकेतस्थळावर खाते उघडणे भाग पडले आणि मजकूर ओळखण्यासह आमच्या रोजच्या तिन्ही सोयी ‘व्यावसायिक’ या वार्षिक वर्गणीच्या योजनेत सरकल्या. जुनी आवृत्ती परत बसवून पाहिली, तर ती सुरू होताना नवी आवृत्ती घ्या असे सांगून बंद होत असे. ‘समाविष्ट’ या शब्दाची मुदत परवान्याच्या करारात दिलेली होती. तो करार सॉफ्टवेअर बसवतानाच पडद्यावर आला होता, म्हणजे यंत्राचे पैसे भरून झाल्यानंतर.

परवाना माणशी घ्यावा लागतो, हे मला सर्वांत अन्यायाचे वाटते. स्कॅनर एक आहे. एका वेळी एकच माणूस त्याच्यासमोर उभा राहू शकतो. तरीही पाच जणांपैकी कोणालाही कधीही वापरता यावा म्हणून पाच परवाने लागतात. एकाच खात्यावरून सर्वांनी काम करावे असा विचार केला होता, पण करारात त्याला स्पष्ट मनाई आहे आणि इतरांच्या हिशेबातल्या चुका दाखवणाऱ्या कार्यालयाने स्वतःचा करार मोडणे मला मान्य नव्हते.

मागच्या वर्षी विवरणपत्रे भरण्याच्या शेवटच्या आठवड्यात एका सकाळी टेबलावर ३४० व्हाउचरांचा गठ्ठा तयार होता. टाचण्या काढून झाल्या होत्या, कोपरे सरळ केले होते. स्कॅनरचा निळा दिवा लागला होता, त्याची केबल हातभर अंतरावरच्या संगणकात होती आणि पडद्यावर मजकूर आला: ‘परवान्याची पडताळणी होऊ शकली नाही. कृपया थोड्या वेळाने प्रयत्न करा.’ आमचे इंटरनेट व्यवस्थित चालू होते. बंद होता तो कंपनीचा पडताळणीचा सर्व्हर. वर्गणी भरलेली होती आणि शेवटच्या भरण्याची पावती माझ्यासमोरच्या फाइलमध्ये होती. तरीही आमच्याच खोलीतल्या दोन यंत्रांना एकमेकांशी बोलण्यासाठी तिसऱ्याची परवानगी लागत होती आणि ती देणारा जागेवर नव्हता. अडीच तासांनी काम सुरू झाले. तोवर एका सहकाऱ्याने खिडकीजवळ उभे राहून मोबाइलवर सव्वाशे व्हाउचरांचे फोटो काढले होते. ग्राहक सेवेने दिलगिरी व्यक्त केली आणि करारातल्या एका कलमाकडे लक्ष वेधले. त्या कलमानुसार सेवा अखंड राहील अशी कोणतीही हमी कंपनी देत नाही.

आता हिशेब. यंत्राची किंमत शंभर धरली, तर पाच परवान्यांची पहिल्या वर्षाची वर्गणी ६२ झाली आणि दुसऱ्या वर्षी ती ७१ वर गेली. रोलरचा संच ९ चा. म्हणजे आजवर २४२ खर्च झाले, त्यातले १३३ केवळ परवान्यांवर, आणि तिसऱ्या नूतनीकरणाची जी सूचना आली आहे तिच्यात आकडा ७८ आहे. यंत्र घेताना आम्ही तीन कंपन्यांची दरपत्रके मागवली होती आणि किमतीतल्या १० च्या फरकावर दोन दिवस चर्चा केली होती. जो खर्च यंत्रापेक्षा मोठा ठरणार होता, त्याचा रकाना त्या तक्त्यात नव्हता. पक्षकारांना मी नेहमी सांगते की भांडवली खर्च एकदा दिसतो आणि आवर्ती खर्च दर वर्षी परत येतो. यंत्राची किंमत घसाऱ्याने कमी होत जाते, वर्गणी मात्र वाढत जाते. तोच तक्ता स्वतःसाठी मांडताना परवान्यांची ओळ राहून गेली, म्हणून हे आकडे येथे सविस्तर दिले.

कंपनीच्या बाजूनेही एक मुद्दा खरा आहे. सॉफ्टवेअर एकदा विकले की काम संपत नाही. संगणकाची कार्यप्रणाली बदलते, सुरक्षेतल्या त्रुटी सापडतात, त्या दुरुस्त करणाऱ्या माणसांना दर महिन्याला पगार द्यावा लागतो. या देखभालीचे पैसे मागणे गैर नाही आणि ते द्यायला माझी हरकत नाही. माझी हरकत आहे ती नकार देण्याचा हक्क काढून घेण्याला. पूर्वी नवी आवृत्ती आली आणि तिच्यात आपल्या उपयोगाचे काही नसले, तर ती न घेता जुन्यावर काम चालवता येत असे. कंपनीला पुढची आवृत्ती खरोखर चांगली करावी लागे, नाहीतर ग्राहक जागचा हलत नसे. लहान ग्राहकाच्या हातात घासाघीस करायला एवढे एकच साधन होते. वर्गणी थांबवली की जुनेही बंद, अशी व्यवस्था झाल्यावर ते साधन उरत नाही आणि दुसऱ्या वर्षी ६२ चे ७१ कसे झाले, याचे कारणही कोणाला द्यावे लागत नाही.

हे मोठ्या प्रमाणावर घडत आले आहे. अडोबीने २०१३ च्या मे महिन्यात जाहीर केले की क्रिएटिव्ह सूट या चित्रे आणि मांडणीच्या प्रोग्रामांच्या संचाची सहावी आवृत्ती ही कायमस्वरूपी परवान्याने मिळणारी शेवटची, पुढचे सगळे वर्गणीने. ब्रॉडकॉमने २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये व्हीएमवेअर ही एकाच सर्व्हरवर अनेक आभासी संगणक चालवणारे सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी विकत घेतली आणि पुढच्याच महिन्यात तिच्या कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबवली. ज्या संस्थांचे सगळे सर्व्हर त्या सॉफ्टवेअरवर उभे होते, त्यांना खर्चाचे गणित नव्याने मांडावे लागले. उपकरणांच्या बाबतीत परिणाम आणखी कठोर होतो, कारण तेथे हातात घेतलेली वस्तूच निकामी होते. घरातले दिवे आणि कुलुपे एकत्र चालवणारा रिव्हॉल्व्ह नावाचा हब गूगलच्या नेस्ट या कंपनीने २०१४ मध्ये ताब्यात घेतला आणि २०१६ च्या मे महिन्यात त्याची सेवा बंद केली; हब धडधाकट होते, पण त्यांचा काही उपयोग राहिला नाही. कपड्यावर लावायची ह्यूमेन कंपनीची एआय पिन, म्हणजे बोलून प्रश्न विचारायचे छोटे उपकरण, २०२४ च्या एप्रिलमध्ये ग्राहकांच्या हाती पडू लागली. किंमत वेगळी आणि मासिक वर्गणी वेगळी, असा तिचा व्यवहार होता. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी तिचे सर्व्हर बंद झाले, म्हणजे वर्षही पुरे झाले नाही. म्हणून सर्व्हरवर अवलंबून असलेल्या कोणत्याही उपकरणाकडे मी आता संशयानेच पाहते, मग त्याची जाहिरात काहीही सांगो.

आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. कायमस्वरूपी परवाना ही काही प्रमाणात मालमत्ता असते. युरोपीय संघाच्या न्यायालयाने ३ जुलै २०१२ रोजी यूज्डसॉफ्ट विरुद्ध ओरॅकल या खटल्यात असा निर्णय दिला की किंमत घेऊन मुदतीविना परवाना दिला असेल, तर तो पुढे दुसऱ्याला विकण्यापासून मूळ कंपनी ग्राहकाला अडवू शकत नाही, मग सॉफ्टवेअर डाउनलोड करून घेतलेले का असेना. वर्गणीच्या परवान्याला हे लागू पडत नाही, कारण त्यात मुदतीविना असे काही नसतेच. आमचा स्कॅनर उद्या विकला तर यंत्राचे काही पैसे येतील. परवान्यांवर गेलेल्या १३३ मधले काहीही परत येणार नाही.

मग पर्याय काय? स्कॅनर आणि प्रोग्राम यांच्यातल्या संवादासाठी ट्वेन नावाचे मानक १९९२ पासून अस्तित्वात आहे. आमच्या यंत्राचा ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला यंत्राशी बोलता यावे म्हणून असलेला छोटा प्रोग्राम, ते पाळतो आणि त्याला खाते लागत नाही, हे आम्हाला दुसऱ्या वर्गणीनंतर समजले. नॅप्स-टू हा मुक्त स्रोत, म्हणजे कोणालाही विनामूल्य वापरता येणारा आणि ज्याचा कोड खुला आहे असा, प्रोग्राम त्या ड्रायव्हरमार्फत पाने ओढतो आणि मजकूर ओळखण्यासाठी टेसरॅक्ट हा दुसरा प्रोग्राम वापरतो. टेसरॅक्ट मुळात एचपीच्या प्रयोगशाळेत १९८५ पासून घडत गेले आणि २००५ मध्ये मुक्त स्रोत म्हणून सर्वांना खुले झाले. त्याची मराठीची भाषा-फाइल स्वतंत्रपणे उतरवून घ्यावी लागते. छापील मराठी मजकूर ३०० डीपीआयवर (म्हणजे इंचाला ३०० ठिपके इतक्या बारकाईने स्कॅन केला असता) ते बऱ्यापैकी ओळखते. रफार आणि अनुस्वार सुटतात, फिकट शिक्क्याखालचे जोडाक्षर तुटते, तक्त्यातले आकडे कधी कधी एका ओळीत येतात. कंपनीचे सॉफ्टवेअर तक्त्यांमध्ये स्पष्टपणे सरस होते, मराठीत मात्र ते टेसरॅक्टपेक्षा चांगले असल्याचे आम्हाला कधी जाणवले नाही. यंत्रावरचे बटण आता काम करत नाही, संगणकावरून सुरुवात करावी लागते. फाइलींची नावे हाताने द्यावी लागतात आणि त्यात रोजची साधारण वीस मिनिटे जातात. हा खर्चच आहे आणि मी तो खर्च म्हणूनच धरते. पण तो कोणाच्या सर्व्हरवर अवलंबून नाही.

हे यंत्र घ्यावे का, असे कोणी विचारले तर माझे उत्तर असे: ड्रायव्हर खात्याशिवाय चालतो हे विक्रेत्याकडून लेखी घेऊन, केवळ यंत्र म्हणून, जरूर घ्यावे. इंटरनेटची केबल काढून दुकानातच दहा पाने स्कॅन करून पाहावीत. परवाना माणशी आहे की यंत्रामागे, नूतनीकरणाचा दर किती काळ बांधलेला आहे, आणि वर्गणी थांबवल्यावर आधीच्या फाइली कोणत्या स्वरूपात आपल्याकडे राहतील, एवढे पैसे देण्यापूर्वी समजून घ्यावे. यंत्राला मी पाचपैकी साडेचार गुण देईन, परवान्याला एक.

फाइलींचा प्रश्न शेवटी लिहिते, कारण तो अजून सुटलेला नाही. सॉफ्टवेअरमधल्या ‘संग्रह’ या सोयीत आम्ही सुरुवातीपासून दस्तऐवज ठेवत गेलो; तो कंपनीच्या स्वतःच्या स्वरूपात साठतो आणि परवाना संपला की उघडत नाही. तिसरे नूतनीकरण आम्ही नाकारले आहे. तरीही जुना संग्रह पीडीएफ/ए या दीर्घकाळ टिकणाऱ्या स्वरूपात बाहेर काढण्यासाठी एका माणसाचा एका महिन्याचा परवाना, चढ्या मासिक दराने, घ्यावाच लागला. एका वेळी शंभरच दस्तऐवज बाहेर काढता येतात. आज सकाळपर्यंत ६४ तुकड्या झाल्या, ५० बाकी आहेत आणि मुदतीचे अकरा दिवस उरले आहेत. प्रत्येक तुकडीनंतर एक सहकारी त्यातल्या चार-पाच फाइली उघडून पानांची संख्या मूळ कागदांशी ताडून पाहतो.